बर्फातला थर्मास

१

पेटीचं झाकण उघडलं, वरचा बर्फ बाजूला सारला, खालचं भाताचं तूस उपसलं, आणि चंद्रकांताबाईंचा हात सरळ पेटीच्या तळाला लागला. लशीचा थर्मास जागेवर नव्हता.

बाईंनी पुन्हा चाचपलं. पेटी कलती केली, सगळं तूस जमिनीवर ओतलं. बर्फाचं पाणी तेवढं पायावर सांडलं. पालघरहून सकाळच्या गाडीनं उतरून त्या तडक बोईसरच्या ह्या दवाखान्यात आल्या होत्या, तोंडात अजून चहाची चव होती. ती चव पार कडू झाली.

हा दवाखाना म्हणजे बाजाराच्या मागच्या बाजूला कौलारू दोन खोल्या. रॉकेलवर चालणारा फ्रीज येणार, येणार असं सगळे कधीपासून ऐकत होते, पण त्याची मंजुरी काही खाली उतरत नव्हती. तोवर सरकारची लस मासळीच्या बर्फावर जगत होती. घिवलीचा आत्माराम तांडेल पहाटे स्टेशनवर मासळी चढवायला येई आणि येताजाता बर्फाची एक लादी ह्या पेटीत टाकून जाई. अख्ख्या बोईसरात बर्फ मिळायचा तो ह्याच गृहस्थाकडे.

आणि आजचा दिवस काही साधासुधा नव्हता. पूर्वेला डोंगराच्या पायथ्याशी करवंदीचा पाडा आहे, तिथे देवीचा रोग शिरला होता. दोन झोपड्यांतली माणसं अंगभर फोड घेऊन पडली होती. भाताची झोडणी आटोपलेली, त्यामुळे उद्या उजाडताच उरलेला सगळा पाडा वीटभट्ट्यांच्या कामाला निघणार होता. कोणी वसईकडे, कोणी भिवंडीकडे. आज त्या पोराबाळांना टोचलं तर टोचलं. नाहीतर रोग अंगात घेऊन ती चहूकडे पांगणार, आणि त्यांतली किती माघारी येतील हे सांगायला ज्योतिषी नको होता. दुसरी लस मागवावी, तर जिल्ह्याचा ह्या खेपेचा वाटा संपलेला. पुढची खेप कधी, तर पुढची मंजुरी येईल तेव्हा.

डॉक्टर एकनाथ सामंत धावत आले, पेटीत डोकावले आणि लालबुंद झाले. फौजदाराला बोलवा म्हणाले. बाईंनी त्यांना हातानं थांबवलं. त्यांची नजर भिंतीवरच्या उघड्या कपाटाकडे गेली होती. लस टोचायचं दातेरी तोंडाचं हत्यार तिथे जोडीनं असायचं. आता एकच होतं.

बाईंनी ते उरलेलं हत्यार हातात घेऊन पाहिलं. लस कोणाला नासवायची असती, तर हत्यार कशाला नेलं असतं?

"डॉक्टर, चोराला लस फेकून द्यायची नाहीये," त्या म्हणाल्या. "त्याला ती टोचायचीय. म्हणजे थर्मास अजून जिवंत आहे. दुपार होईतो मला मोकळं सोडा, फौजदार कुठे पळून जात नाहीत."

२

चंद्रकांता राऊत ह्या बाईंविषयी दोन शब्द सांगायलाच हवेत. हुद्दा आरोग्य पर्यवेक्षिकेचा, अंगानं भरलेल्या, जिभेनं सरळ, आणि खाण्याच्या बाबतीत अगदी निर्लज्ज. गावोगाव फिरताना कुणाच्या चुलीवर काय शिजतंय ह्याची खबर त्या आधी घेत, मग पोरांच्या तब्येतीची. लोक हसत. पण चुलीपाशी बसलेल्या बाईला घरातलं सगळं कळतं, हे त्या हसणाऱ्यांच्या कधी ध्यानातच आलं नाही.

दाराचं कुलूप शाबूत होतं. किल्ल्या दोनच, एक डॉक्टरांची, दुसरी कंपाउंडर नरहरी चुरीची. काल संध्याकाळी कुलूप नरहरीनं लावलं, पहाटे आत्मारामसाठी त्यानंच उघडलं. आत्मारामनं वरच्या वर बर्फ ओतला आणि तो गेला. खाली थर्मास आहे की नाही, हे कोणी बघितलं नाही.

डॉक्टरांचा संशय आत्मारामवर होता, आणि तसं कारणही होतं. कालच तो ओट्यावर उभा राहून तणतणला होता, की बर्फ आमचा आणि लस डोंगरात, मग आमच्या घिवलीची पोरं काय दगडाची हायेत? बाईंना मात्र खुद्द डॉक्टरही तितकेसे धुतल्या तांदळासारखे वाटेनात. तारापूरकडे वीजकेंद्राचं काम निघालेलं, तिथल्या मजुरांच्या राहुट्यांसाठी अर्धी लस द्या म्हणून डॉक्टरांनीच त्यांच्या मागे लकडा लावला होता. बाईंनी साफ नकार दिला, तेव्हा डॉक्टर दोन दिवस धड बोलले नव्हते.

मग धर्माजी आला. हा वाणगावचा, गावोगाव लस टोचत हिंडायचा, म्हणून त्याला सगळे देवीडॉक्टर म्हणत. त्याच्याकडे किल्ली नव्हती आणि रात्री तो वाणगावला घरीच होता, तशी त्याच्यासोबत आलेल्या चार माणसांची साक्षही होती. बातमी ऐकून तो मटकन बाकावर बसला. पाड्यातल्या लोकांना टोचायला राजी करताना तोंडाला कसा फेस आला, ते त्यानं बाईंना सांगितलं. तिथली म्हातारी बुधी म्हणेल ती पूर्व दिशा. ती ऐकेचना. शेवटी नरहरी पुढे झाला. माझ्या एकुलत्या सुलूला मी स्वतःच्या हातानं टोचलंय, तिच्या गळ्याची शपथ, असं तो म्हणाला, तेव्हा कुठे म्हातारी वळली.

"नरहरी नसता, तर पाड्यानं मला कुंपणाच्या आत घेतलं नसतं, बाई."

नरहरी स्वतः औषधाच्या खिडकीपाशी उभा राहून बाटल्या पुसत होता. एरवी हा गडी काठ न मोडलेल्या धोतरासारखा नीटनेटका, पण आज गालांवर दाढीचे खुंट वाढलेले. बाईंनी त्याला विचारलं. काल कुलूप लावताना थर्मास होता, असं तो म्हणाला. बोलताना बाटलीवरची नजर काही वर आली नाही.

बाई मागच्या खोलीत गेल्या आणि तिथे त्यांना दुसरा धक्का बसला.

लहान पोरांना वाटायला दुधाची पावडर यायची. दवाखान्यात जागा नाही म्हणून ते दूध रोज सकाळी नरहरीच्या ओटीवर कालवून गल्लीतल्या पोरांना दिलं जाई. गेल्या आठवड्यात नरहरीनं पालघरला निरोप धाडला होता, की पावडर संपली, वाटप बंद. आणि इथे कोपऱ्यात पावडरीचं पोतं उभं होतं, चांगलं गळ्यापर्यंत भरलेलं.

३

बाई स्टेशनकडे निघाल्या तेव्हा त्यांच्या डोक्यात नुसता भुंगा शिरला होता. नरहरी पावडर मागच्या दारानं विकतो की काय? आणि ज्याला पोरांचं दूध विकवतं, त्याला लस विकायला कितीसा वेळ? बाहेरून आलेल्या ठेकेदारांकडे पैसा खुळखुळत होता, आणि देवीच्या नावानं तेही टरकले होते. नरहरीला त्या बारा-पंधरा वर्षं ओळखत होत्या. त्याच्या घरी जेवल्या होत्या. विचारानं त्यांना भलताच राग आला, आणि रागापाठोपाठ वाईट वाटलं.

आत्माराम स्टेशनाबाहेर रिकाम्या टोपल्या रचत होता. आपल्यावर आळ आलाय हे त्याला आधीच कळलं होतं, त्यामुळे तो फणकाऱ्यातच होता.

"मी बोललो ते बोललो, तोंडावर बोललो," तो म्हणाला. "पन चोरी करून मी करनार काय, बाई? आमच्या गावात ती टोचनार कोन? त्या आजारी पोरांच्या तोंडचं काढून आमी खानारे नाय."

ह्यात खोट काढण्यासारखं काही नव्हतं. बाईंनी मग दुसरीकडून सुरुवात केली. लस टिकवायची तर बर्फ लागणारच, आणि बर्फ ह्याच्याचकडे. आज पहाटे दवाखान्याखेरीज आणखी कुणी बर्फ घेतला का, असं त्यांनी विचारलं.

आत्मारामला आठवायला वेळ लागला नाही. नरहरीभाऊंच्या घरी एक लादी टाकली होती. दमयंतीवहिनींनी मागवली, पाहुणे येणार म्हणाल्या, सरबत करायचंय.

"एवढ्या थंडीत सरबत?"

"मोठ्या घरच्या गोष्टी, आपल्याला काय," आत्माराम म्हणाला आणि टोपल्या रचू लागला.

थर्मास कुठे आहे हे बाईंना आता कळलं होतं. तिथे फौजदार घेऊन जायचं की एकटीनं, एवढंच ठरायचं होतं. त्यांनी उन्हाकडे पाहिलं, पोटावरून हात फिरवला, आणि जेवायची वेळ झालीय तर जेवायलाच जाऊ असं ठरवलं.

४

नरहरीच्या गल्लीत शिरताच बाईंना काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. काय चुकलंय ते मात्र लगेच उमगेना.

दमयंतीनं दार अर्धवट उघडलं. बाईंना बघून तिचा चेहरा उतरला. गोरी, ठेंगणी बाई, लहानपणी देवी येऊन गेल्याचे वण गालांवर, आणि हाताला अशी चव की केळव्यापासून इथवर नाव निघावं. बाईंनी नेहमीच्या हक्कानं सांगितलं की दमयंती, भूक लागलीय, जे असेल ते वाढ. नाही म्हणायची सोय नव्हती. दमयंती पुटपुटली की पाट इथे ओटीवरच मांडते. बाई आजवर ह्या घरात चुलीशेजारीच जेवल्या होत्या.

पाहुण्यांचं विचारलं, तर ते आलेच नाहीत म्हणाली. सुलू कुठेय विचारलं, तर केळव्याला मामाकडे गेलीय म्हणाली. एवढं बोलून ती आत गेली. तिचा अंबाडा विस्कटलेला होता आणि केसांना तेलाचा टिपूस नव्हता.

ताट आलं. मऊ भात, त्यावर पिवळंधमक वरण, बाजूला मीठ. मासळीचा तुकडा नाही, पापड नाही, तळणीतलं काहीच नाही. बाईंनी पहिला घास तोंडात घातला, आणि गल्लीत शिरताना काय चुकलं होतं ते त्यांना झटकन कळलं. ह्या वेळेला दमयंतीच्या फोडणीचा वास गल्लीच्या तोंडापर्यंत येत असे. आज वास नव्हता. वरणात मोहरी नव्हती, हिंग नव्हता, तेलच नव्हतं. नुसती शिजवलेली डाळ.

हातातला घास बाईंनी ताटात परत ठेवला. मघापासून डोक्यात नरहरीचं जे चित्र होतं, ते एका घासात कोसळलं.

"दमयंती," त्यांनी हाक मारली. "सुलू केळव्याला नाहीये. ती आतल्या खोलीत आहे. मला तिच्यापाशी ने."

आत भांडं पडल्याचा आवाज झाला.

५

खोलीच्या दाराला कडुलिंबाचा डहाळा बांधला होता. आत अंधारात सुलू पडली होती, आठ-नऊ वर्षांची पोर. तोंडावर, हातांवर फोड दाटले होते. दमयंती उंबऱ्याशी बसून हुंदके देत होती.

तेवढ्यात नरहरी आला. बाई आपल्या घराकडे गेल्या हे ऐकून तो दवाखाना टाकून धावत आला होता. बाईंना आतल्या खोलीच्या दारात बघून तो थबकला. मग त्यानं चुलीमागचं ओलं गोणपाट उचललं. खाली बर्फ होता, बर्फात थर्मास.

"कसं कळलं, बाई?" त्यानं विचारलं.

बाईंनी सांगितलं. देवी आलेल्या घरात फोडणी देत नाहीत, तळत नाहीत, मासळी शिजवत नाहीत, बाया केसांना तेल लावत नाहीत आणि पुरुष दाढी करत नाहीत. हे पाळणारं घर ह्या मुलखात कुणीही ओळखेल. सकाळी त्याच्या दाढीकडे बघून त्यांना काही सुचलं नव्हतं, वरणानं सगळं एका जागी आणलं. दुधाचं पोतं विकण्यासाठी लपवलं नव्हतं. सुलूच्या अंगावर फोड उठले, तेव्हा गल्लीतली पोरं ओटीवर येऊ नयेत म्हणून पावडर संपल्याची थाप मारली होती. पण त्याआधी अंगात ताप असताना सुलूनंच पोरांना पेले भरभरून दिले होते, होय की नाही?

नरहरीनं मान हलवली. त्या पोरांसाठीच त्यानं थर्मास उचलला होता. आज पहाटे घरोघर जाऊन सरकारी हुकूम आहे असं सांगून सगळ्यांना टोचूनही आला होता. उरलेली लस दुपारपर्यंत पेटीत गुपचूप ठेवायची, असा त्याचा बेत होता. बाई पहिल्याच गाडीनं येऊन पेटी उघडतील, हे त्याच्या हिशेबातच नव्हतं.

"अरे पण मागायचीस. मी नाही म्हटलं असतं?"

"का हवी म्हणून विचारलं असतंत," नरहरी म्हणाला आणि त्याचा बांध फुटला.

त्यांचा पहिला मुलगा तान्हेपणी टोचल्यानंतर आठवड्याभरात तापानं गेला होता. ताप कशाचा होता ते कुणालाच ठाऊक नाही. सुलू झाली तेव्हा दमयंतीनं त्याचे पाय धरले, हिला टोचू नका म्हणाली. तो गावभर लोकांना लशीचे गुण सांगत फिरला, हजारो हात त्याच्यासमोर टोचले गेले. फक्त स्वतःच्या पोरीचा हात तसाच कोरा राहिला. आणि तिच्याच गळ्याची शपथ घेऊन त्यानं बुधीला राजी केलं होतं.

"पाड्याला हे कळलं, तर एकही आई पोर पुढे करणार नाही, बाई. म्हणून गप्प राहिलो. माझी बेअब्रू काय, होऊ दे."

६

डॉक्टर आले, सुलूला बघितलं, आणि सकाळचा आरडाओरडा विसरून बाह्या सारून तिच्या उशाशी बसले. मग त्यांनी थर्मास तपासला. लस निम्मीच उरली होती. नियमानं प्रत्येकाच्या दंडावर चार जागी टोचायचं. तसं केलं तर अर्धा पाडा कोराच राहणार.

"एकेकच जागी टोचू," चंद्रकांताबाई म्हणाल्या. डॉक्टरांनी नियमाची आठवण दिली. नियम लिहिणाऱ्यानं आम्हाला भरलेला थर्मास धाडावा, मग मी चार काय, आठ जागी टोचीन, असं बाईंनी सुनावलं. एक वण चार वणांइतका पुरा पडेल का, हे डॉक्टरांना छातीवर हात ठेवून सांगता येईना. पण मुळीच न टोचण्यापेक्षा बरं, हे मात्र त्यांनी लगेच मान्य केलं.

खरी वादावादी झाली ती नरहरीवरून. धर्माजीचं म्हणणं, ही गोष्ट इथेच गाडून टाकावी आणि आधी पाडा टोचून घ्यावा. बाईंना ते पटेना. बाजार पाड्यापासून लांब नाही. आज नाही तर उद्या ही बातमी भट्टीवर पोचेल, आणि मग पुढली कित्येक वर्षं तिथे दवाखान्याच्या माणसाला पाणीसुद्धा मिळणार नाही. तरीही आत्ता सांगायचं म्हणजे हातचा घास घालवण्याचा धोका होताच. बाईंना एवढी धाकधूक कधी वाटली नव्हती.

तिढा नरहरीनंच सोडवला. त्यानं विहिरीवर आंघोळ केली, धुतलेले कपडे घातले आणि मी येतो म्हणाला. बैलगाडीत बसला नाही. देवीच्या घरातला माणूस म्हणून मागे अंतर राखून चालत आला.

पाड्याच्या अलीकडे एक ओहोळ आहे. नरहरी तिथेच अलीकडच्या काठावर थांबला. पलीकडे सगळा पाडा जमला होता. पोरं आयांच्या कमरेवर, गाठोडी आधीच बांधून दारात ठेवलेली. बुधी काठी टेकत पुढे आली.

"बुधीआजी, मी खोटं बोललो," नरहरी ओरडून म्हणाला. "माझ्या सुलूला मी टोचलं नव्हतं. भ्यालो. आज ती अंगभर फोड घेऊन घरात पडलीय. तुम्ही माझं ऐकू नका. पण टोचून घ्या."

एका बाईनं पोर पदराखाली ओढून घेतलं आणि ती मागे सरकली, तिच्यामागोमाग आणखी दोघी. धर्माजीनं कपाळाला हात लावला. चंद्रकांताबाईंनी थर्मास पोटाशी धरला.

बुधी मात्र जागची हलली नव्हती. ती डोळे बारीक करून ओहोळापलीकडच्या माणसाकडे बघत होती.

"पोरगी वाचंल का?" तिनं विचारलं.

"ठाऊक नाही, आजी."

"दुसरं कोन हाय तुला?"

"कोणी नाही."

म्हातारीनं मागे वळून आपल्या नातीला, ठमीला, दंडाला धरून पुढे आणलं. तिची बाही वर सरकवली आणि तिला धर्माजीच्या समोर उभं केलं. मागे सरकलेल्या बायांना तिनं एकदा नजरेनंच खुणावलं. त्या हळूहळू रांगेत आल्या.

मग ती पुन्हा ओहोळाकडे वळली.

"तू हितं काय करतं?" ती नरहरीला म्हणाली. "घरी जा. पोरीपाशी बस. हितं आमी बगतो."

नरहरीला क्षणभर कळलंच नाही की हे आपल्याला सांगितलंय. कळलं तेव्हा तो वळला, आणि भाताच्या रिकाम्या खाचरांतून बोईसरकडे धावत सुटला.